थंड हवेतील ताडवृक्ष
(इयत्ता सहावी व सातवी : निसर्गाभ्यास आणि भूगोल यांचा जोडपाठ)

"माड, पोफळ, ताड आणि शिंदी हे उष्ण प्रदेशातील वृक्ष होत," हे वाक्य भूगोलाच्या तासाला फळ्यावर वारंवार लिहिले जाते. ते चुकीचे नाही. ताडकुलात आज सुमारे २,६०० जाती ओळखल्या जातात आणि त्यांपैकी बहुसंख्य जाती उष्ण कटिबंधातच आढळतात. परंतु वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी एके दिवशी वर्तमानपत्रातील चित्र घेऊन शिक्षकाकडे येतो. चित्रात पंख्यासारख्या पानांचा ताड उभा असतो आणि त्याच्या पानापानांवर बर्फ साचलेले असते. "गुरुजी, हे खरे का?" असे तो विचारतो. अशा वेळी चित्र खोटे ठरवून मुलाला जागेवर बसविणे सोपे असते. पण चित्र खरे असते; आणि पाहिलेले विचारण्याची त्या मुलाची उमेद मात्र त्या दिवशी मावळते.

प्रस्तुत पाठ अशा प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आहे. ताडकुलातील काही जाती बर्फ आणि गोठणारी थंडी सोसतात. युरोप, अमेरिका, चीन व जपान येथील थंड भागांत लोक त्या हौसेने लावतात आणि हिवाळ्यात त्यांची निगा राखतात. हे कसे साधते, कोठे साधते आणि कोठे फसते, हे समजून घेताना वनस्पतीची रचना, हवामान आणि माणसाचे कष्ट या तीनही गोष्टी एकत्र शिकविता येतात.

पाठाची उद्दिष्टे

१. ताडकुलातील वृक्षांची वाढ एकाच अग्रकलिकेतून होते, हे विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष पाहून सांगावे.
२. एखाद्या ठिकाणची हवा केवळ अक्षांशावर ठरत नाही, हे नकाशाच्या साहाय्याने ओळखावे.
३. "बहुतेक" आणि "सर्व" या दोन शब्दांतील भेद जाणून विधान करावयास शिकावे.

पूर्वज्ञान : गावातील माड आणि शिंदी

पाठाची सुरुवात दूरदेशाच्या वर्णनाने करू नये. गावात असेल त्या झाडापासून करावी. कोकणातील शाळेत माड व पोफळ जवळच सापडतील. देशावर व विदर्भात ओढ्याकाठची शिंदी आहे. सह्याद्रीच्या कुशीतील गावात भेरली माड आढळेल. यांपैकी कोणत्याही झाडापाशी वर्गाला नेऊन पुढील निरीक्षण करवावे.

आंबा, बाभूळ किंवा कडुनिंब यांची एक फांदी तोडली तर शेजारून दुसरी फुटते. या झाडांना हजारो डोळे असतात. माडाला फांद्या नाहीत. त्याच्या खोडाच्या अगदी टोकाला, झावळ्यांच्या घेरात दडलेला, एकच कोंब असतो. यालाच अग्रकलिका म्हणतात. माडाची प्रत्येक झावळी या एकाच कोंबातून जन्म घेते. म्हणूनच गेंडा भुंगा शेंड्यात शिरून हा कोंब खाऊ लागला की बागायतदार अस्वस्थ होतो. दहा झावळ्या गेल्या तरी माड जगतो; पण कोंब गेला की खोड कितीही भक्कम असो, झाड संपते. कोकणातील मुलांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. वीज पडून शेंडा जळालेले, नुसते खांबासारखे उभे राहिलेले माड त्यांनी पाहिलेले असतात.

दुसरी गोष्ट खोडाची. बाभळीचे किंवा सागाचे लाकूड आडवे कापले असता त्यात वर्तुळे दिसतात, कारण साल आणि लाकूड यांच्यामधील पातळ थर दरवर्षी नवे लाकूड तयार करीत असतो. माडाच्या किंवा शिंदीच्या कापलेल्या बुंध्यावर वर्तुळे नसतात. सर्वत्र धाग्यांचे ठिपके दिसतात. हे एकदल वृक्ष असून त्यांच्या खोडात वाढीचा तसा थर नसतो. परिणामी खोडाला झालेली जखम भरून येत नाही. चढण्यासाठी माडाच्या खोडावर पाडलेल्या खाचा झाडाच्या अखेरपर्यंत तशाच राहतात, हे मुलांना हात लावून पाहू द्यावे.

एकच कोंब आणि न भरणारी जखम, या दोन गोष्टी मुलांच्या मनात ठसल्या की पुढील सर्व पाठ त्यांना आपोआप उलगडत जाईल. थंड प्रदेशात ताड वाढविणे म्हणजे मुख्यतः या एका कोंबाचे रक्षण करणे होय.

थंडीने झाड मरते म्हणजे काय होते

थंडीने झाड "जळते" असे बोलण्यात येते. प्रत्यक्षात काय घडते, ते स्वयंपाकघरातील एका उदाहरणाने समजाविता येईल. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की फोडींतील पाणी बाहेर येते आणि फोडी सुरकुततात. पारा शून्य अंश सेल्सिअसच्या खाली गेला की वनस्पतीच्या पेशींच्या मधल्या जागेत प्रथम बर्फाचे कण तयार होतात. हे कण पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतात. पेशी सुकते आणि तिचे आवरण दुखावते. ऊन पडून बर्फ वितळले तरी दुखावलेली पेशी पूर्ववत होत नाही; पान प्रथम भिजल्यासारखे काळसर दिसते आणि नंतर तपकिरी पडते.

काही वनस्पतींच्या पेशी हे सुकणे बऱ्याच प्रमाणात सहन करू शकतात. थंडी हळूहळू वाढत गेली तर त्यांच्या अंगी ही शक्ती अधिक येते. म्हणून शरद ऋतूपासून क्रमाने वाढलेली थंडी जे झाड निभावून नेते, तेच झाड उबदार दिवसांनंतर एका रात्रीत कोसळलेल्या तितक्याच थंडीने दगावते. माडाजवळ ही शक्ती जवळजवळ नाही. त्याला वर्षभर ऊब लागते, आणि शून्याजवळची थंडी काही तास टिकली तरी त्याला इजा होते.

थंडीबरोबर दुसरा शत्रू येतो, तो म्हणजे ओल. शेंड्याच्या खोबणीत पावसाचे किंवा वितळलेल्या बर्फाचे पाणी साचते, दुखावलेल्या भागात बुरशी व जिवाणू शिरतात आणि कोंब कुजतो. पुष्कळ वेळा झाडाला थंडीने केवळ घायाळ केलेले असते. अखेरचा घाव या कुजण्याचा असतो. थंड पण कोरड्या हिवाळ्यात तगणारी जात थंड व चिखलट हिवाळ्यात मरते, त्याचे कारण हेच.

थंडी सोसणाऱ्या काही जाती

थंडी सोसणाऱ्या ताडांत सर्वांत प्रसिद्ध जात चीनमधील होय. शास्त्रज्ञ तिला ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी म्हणतात. पाने पंख्यासारखी, खोड तपकिरी धाग्यांच्या जाड आवरणाने वेढलेले, नर व मादी झाडे वेगळी, फळे निळसर काळी, असे तिचे रूप आहे. चीन व जपान येथे शेकडो वर्षांपासून या धाग्यांसाठी तिची लागवड होत आली. त्यांपासून दोर व झाडू करीत आणि पावसात पांघरावयाचे अंगरखेही विणीत. मावळातील शेतकऱ्याचे इरले आणि चीनमधील शेतकऱ्याचा हा धाग्यांचा अंगरखा एकाच गरजेतून निर्माण झाले.

ही जात युरोपात कशी पोहोचली, तो इतिहासही मुलांना आवडेल. जपानमध्ये राहिलेल्या सीबोल्ट नावाच्या वैद्याने १८३० मध्ये तिचे बी हॉलंडमधील लायडन येथे धाडले. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाला ती चीनच्या किनाऱ्याजवळील चुसान बेटावर दिसली आणि १८४९ मध्ये त्याने पाठविलेली रोपे लंडनजवळच्या क्यू येथील बागेत गेली. जातीच्या नावातील "फॉर्च्युनी" हा शब्द त्याच्यावरून आला आहे. चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याकडील मळ्यांसाठी भारतात आणणारा फॉर्च्यून तो हाच. चांगली रुजलेली, वयाने मोठी झाडे उणे १५ अंशांच्या आसपासची थंडी निभावतात. बी रुजवून नुकतीच वाढविलेली रोपे मात्र याहून पुष्कळ कमी थंडीत मरतात.

या जातीची भावंडे भारतातही आहेत. उत्तराखंडातील पिथौरागढजवळ थलकेदार डोंगराच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, एक जात ओक वृक्षांच्या वनात वाढते. तेथे हिवाळ्यात बर्फ पडते. बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये तिला ट्रॅकिकार्पस टाकिल हे नाव दिले. दुसरी एक जात मेघालयातील खासी टेकड्यांवर व नेपाळात आढळते. तेव्हा बर्फातील ताड पाहण्यासाठी भारताची सीमा ओलांडण्याचीही गरज नाही.

युरोप खंडाच्या मुख्य भूमीवर ताडकुलातील एकच जात मूळची आहे. कॅमिरॉप्स ह्युमिलिस हे तिचे नाव. भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडील किनाऱ्यांवर ती झुडपासारखी वाढते आणि बहुधा बुंध्यापासून तिला अनेक खोडे फुटतात. इटलीतील पादुआ येथील वनस्पतिउद्यान १५४५ मध्ये स्थापन झाले. तेथे १५८५ मध्ये लावलेले या जातीचे झाड आजही उभे आहे. जर्मन कवी ग्योएटे याने १७८६ मध्ये ते पाहिले. प्रथमची साधी, अखंड पाने हळूहळू विभागून पंख्याचे रूप कशी घेतात, याचे त्याने निरीक्षण केले, आणि १७९० मध्ये वनस्पतींच्या रूपांतराविषयी त्याने जो ग्रंथ लिहिला, त्यामागे अशा निरीक्षणांचा भाग होता. हे निरीक्षण करण्यासाठी पादुआला जावे लागत नाही. नारळाच्या रोपाची पहिली पाने अखंड असतात आणि पुढची पाने चिरत जातात. शाळेच्या आवारातील एका रोपावर मुले हेच पाहू शकतील. मात्र पादुआचे ते झाड चारशेहून अधिक वर्षे जगले, त्यात काचगृहाच्या आसऱ्याचाही वाटा आहे, हे सांगावयास विसरू नये.

अमेरिकेच्या आग्नेय भागातील दोन ठेंगण्या जाती थंडी सोसण्यात चिनी जातीच्याही पुढे जातात. एक रॅपिडोफायलम हिस्ट्रिक्स. हिच्या बुंध्याभोवती सुयांसारखे लांब काटे असतात आणि उणे २० अंशांच्या जवळपासची थंडीही ती सोसू शकते. दुसरी सेबल मायनर. हिचे खोड बहुधा जमिनीखालीच राहते. या दोन्ही जातींचा कोंब जमिनीजवळ किंवा जमिनीत, काटे व पाने यांच्या आड असतो. उंच माडाचा कोंब उघड्या वाऱ्यात असतो, तर यांचा कोंब जणू गोधडीत गुंडाळलेला असतो.

येथे एका गैरसमजाची नोंद करावी. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आणि स्कॉटलंडच्या पश्चिम भागातही "पाम" म्हणून जी झाडे दाखविली जातात, त्यांतील पुष्कळशी ताडकुलातील नसतात. ती न्यूझीलंडमधील कॉर्डिलाइन नावाची झाडे असतात आणि त्यांच्या खोडाला फांद्या फुटतात. नाव पाम असले तरी झाड पाम असेलच असे नाही.

अक्षांश एक, हवा निराळी

भिंतीवरील जगाच्या नकाशात ४३ अंश उत्तर अक्षांशाची रेषा बोटाने शोधण्यास सांगावे. या रेषेच्या जवळ काळ्या समुद्राच्या काठी सोची हे शहर आहे आणि पूर्वेकडे पॅसिफिकच्या किनाऱ्यावर व्लादिवोस्तोक हे शहर आहे. दोन्ही रशियात, दोन्ही समुद्रकाठी आणि जवळजवळ एकाच अक्षांशावर. सोचीच्या रस्त्यांवर ताडांच्या रांगा आहेत. व्लादिवोस्तोकला जानेवारीतील सरासरी तापमान शून्याखाली दहा अंशांहून अधिक उतरते आणि तेथे उघड्यावर ताड जगणे शक्य नसते. सोचीच्या ईशान्येस कॉकेशसची पर्वतरांग भिंतीसारखी उभी राहून थंड वारे अडविते आणि काळ्या समुद्राचे पाणी हिवाळ्यात ऊब देते. व्लादिवोस्तोकला मात्र सैबेरियाकडून येणारा कोरडा, गोठलेला वारा झोडपतो. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडील तिचिनो प्रांतातही उत्तरेला आल्प्स पर्वत आणि पायथ्याशी मोठी सरोवरे असल्यामुळे ताड सुखाने वाढतात.

जे मोठ्या प्रदेशाच्या बाबतीत घडते, तेच एका अंगणातही घडते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि झपाट्याने थंड होते. थंड झालेली हवा जड असल्याने उतारावरून खाली वाहत जाऊन खळग्यात साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात हिवाळ्यात पहाटे दवाचे हिमकण होतात, तेव्हा उंच भागात मात्र ते दिसतीलच असे नाही. निफाडच्या द्राक्षबागायतदारालाही पहाटेच्या या थंडीची धास्ती असते. याउलट घराची दक्षिणेकडे तोंड केलेली भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती ऊब परत देते. उत्तर गोलार्धातील थंड देशांत हिवाळ्याचा सूर्य दक्षिणेकडे खाली असतो; म्हणून तेथील बागवान ताडासाठी दक्षिणेकडील भिंतीलगतची, उतारावरची, वाऱ्यापासून आडोशाची जागा निवडतात.

अमेरिकेच्या कृषिखात्याने १९६० मध्ये आपल्या देशाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. प्रत्येक ठिकाणी वर्षातील सर्वांत थंड रात्री पारा सरासरीने किती उतरतो, त्यावरून त्यात प्रदेशाचे पट्टे पाडलेले आहेत. २०२३ मध्ये हा नकाशा नव्या नोंदींनुसार सुधारण्यात आला. बागवानांना तो फार उपयोगी पडतो. परंतु तो सरासरी सांगतो. एखाद्या वर्षी येणारी असाधारण थंडी सांगत नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस सिली बेटांवर ट्रेस्को येथील बाग १८३४ पासून आकारास आली. समुद्राच्या ऊबेमुळे तेथे उष्ण देशांतील वनस्पती दीर्घकाळ वाढल्या. पण जानेवारी १९८७ मधील हिमपात व गोठण यांनी त्या बागेतील बहुतेक वनस्पतींचा नाश केला. बाग पुन्हा नव्याने उभी करावी लागली.

लागवड व हिवाळ्यातील निगा

थंड देशांतील अनुभवी बागवान पुढील गोष्टी पाळतात.

लागवड वसंताच्या अखेरीस किंवा उन्हाळ्याच्या आरंभी करतात. जमीन उबदार असतानाच ताडाची मुळे वाढतात आणि पहिल्या हिवाळ्यापूर्वी त्यांना रुजण्यास अवधी मिळणे आवश्यक असते. पाण्याचा निचरा होणारी जमीन निवडतात. चिकण माती असल्यास रेती व खडी मिसळून जागा किंचित उंच करतात. रोप लावताना कोंब मातीखाली जाऊ देत नाहीत.

बी पेरण्यापूर्वी फळाचा गर काढून टाकतात आणि पेरलेले बी उबेत ठेवतात. अंकुर येण्यास काही आठवडे, कधी काही महिने लागतात. प्रथम गवताच्या पात्यासारखे एकच पान येते. पहिली काही वर्षे झाड उंच होतच नाही. आपल्या बुंध्याची पूर्ण रुंदी ते आधी तयार करते आणि मगच खोड वर चढते. या काळात रोप कुंडीत वाढवून हिवाळ्यात आडोशाला घेतात. कुंडीतील माती थोडी असल्याने ती जमिनीपेक्षा लवकर गोठते, ही गोष्टही ते ध्यानात ठेवतात.

उन्हाळा सरत आला की नत्रयुक्त खत थांबवितात, कारण त्याने फुटलेली कोवळी वाढ थंडीला प्रथम बळी पडते. हिवाळ्याच्या तोंडी बुंध्याभोवती वाळलेल्या पाल्याचा जाड थर देतात. कडाक्याची थंडी येणार असे कळताच पाने वर उचलून मऊ दोरीने सैल बांधतात, कोंबाभोवती कोरडा पेंढा भरतात, बाहेरून गोणपाट गुंडाळतात आणि शेंड्यात पाणी जाऊ नये म्हणून वर छप्परासारखे आच्छादन करतात. प्लॅस्टिकचा कागद पानांना घट्ट गुंडाळीत नाहीत; त्याच्या आत वाफ धरते आणि कुजण्यास प्रारंभ होतो. हवा निवळली की आच्छादन सोडून झाडाला वारा देतात. थंडी टळल्यानंतरही झाड महिनोन्‌महिने बांधून ठेवणे थंडीइतकेच घातक ठरते.

हिवाळा संपल्यावर

या विषयातील सर्वांत मोठी चूक थंडीत होत नाही, ती थंडी संपल्यावर होते. वसंतात बागवान पाहतो तर सारी पाने करपून तपकिरी झालेली असतात. झाड मेले असे समजून तो कुऱ्हाड उचलतो. पण पाने गेली म्हणजे कोंब गेला असे नव्हे. उलट प्रकारही घडतो. कोंब आतून कुजलेला असताना जुनी पाने काही आठवडे हिरवीच राहतात आणि पाहणारा निश्चिंत असतो. पाने करपलेली आणि झाड जिवंत. पाने हिरवी आणि झाड मेलेले. ताडाच्या बाबतीत डोळ्यांना प्रथम जे दिसते, त्यावरून निर्णय करता येत नाही.

म्हणून जाणकार मधल्या, न उमललेल्या, भाल्यासारख्या पानाला हलकेच ओढून पाहतात. ते घट्ट असेल तर बहुधा कोंब शाबूत असतो. ते हातात आले आणि त्याच्या बुडाशी दुर्गंधी असेल, तर कुजण्यास आरंभ झाला असे समजतात. तरीही झाड लगेच तोडीत नाहीत. कुजलेला भाग काढून शेंडा कोरडा ठेवतात आणि तांब्याचा अंश असलेले बुरशीनाशक देतात. द्राक्षावर व पोफळीवर आपल्याकडे फवारले जाणारे बोर्डो मिश्रण याच वर्गातील होय. मग उन्हाळ्याचा मध्य येईपर्यंत वाट पाहतात. अनेक झाडे या अवधीत नवे पान बाहेर काढतात. पहिले पान अर्धवट, टोक जळालेले असते. नंतरचे पूर्ण येते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सस राज्यावर असाधारण थंडीची लाट आली आणि असंख्य ताडांची पाने करपली. झाडे तोडण्याची घाई करू नका, ऋतू पालटू द्या, असाच सल्ला तेव्हा उद्यानविद्येच्या जाणकारांनी दिला. काही जातींची झाडे खरोखरच मेलेली निघाली. पण तेथील मूळच्या सेबल वर्गातील अनेक झाडांना पुन्हा पाने फुटली. ज्यांनी वाट पाहिली त्यांनाच हा भेद कळला.

दुसरी बाजू

एखादी वनस्पती परमुलखात जगविली म्हणजे काम संपले असे होत नाही. तिचिनो प्रांतात बागांत शोभेसाठी लावलेल्या चिनी ताडाची फळे पक्ष्यांनी खाल्ली, बिया रानात पडल्या, आणि हिवाळे सौम्य होत गेल्याने रोपे जगू लागली. आज तेथील वनांत या ताडाची दाटी होऊन मूळच्या झाडांच्या रोपांना उजेड मिळेनासा झाला आहे. स्वित्झर्लंडच्या शासनाने १ सप्टेंबर २०२४ पासून या झाडाची विक्री बंद केली. जे झाड एका ठिकाणी गोणपाटात गुंडाळून वाचवावे लागते, तेच दुसऱ्या ठिकाणी आवरावे लागते. आपल्याकडील घाणेरी हीदेखील एके काळी शोभेची म्हणूनच बागेत आणलेली वनस्पती होय, याची आठवण येथे द्यावी.

वर्गात करावयाचे उपक्रम

१. गावातील माड, पोफळ, ताड किंवा शिंदी यांपैकी एका झाडाचे चित्र काढून त्यात कोंबाची जागा दाखविणे. शेजारी आंब्याची फांदी काढून तिच्यावरील डोळे मोजणे.

२. हिवाळ्यात आठ दिवस सूर्योदयापूर्वी दोन जागी तापमान नोंदविणे : एक उघड्या मैदानावर, दुसरी शाळेच्या दक्षिणेकडील भिंतीलगत. तापमापक नसेल तर उघड्यावरील आणि झाडाखालील गवतावर दव किती पडले, एवढेच पाहून लिहावे. झाडाखाली दव कमी का, याचा विचार मुलांनी प्रथम स्वतः करावा.

३. नारळ रुजत घालून वर्षभर येणाऱ्या प्रत्येक पानाचा आकार वहीत काढणे व तारीख घालणे.

४. नकाशात पादुआ, सोची, व्लादिवोस्तोक, पिथौरागढ व आपला जिल्हा दाखविणे.

स्वाध्याय

१. माडाच्या सर्व झावळ्या करपल्या, तरी तो जगेल का? कारण द्या.
२. सोची व व्लादिवोस्तोक यांच्या हवेत फरक का पडतो?
३. थंड देशात ताड खळग्यात का लावीत नाहीत?
४. पुढील वाक्य दुरुस्त करा : "ताडकुलातील सर्व वृक्ष उष्ण प्रदेशातच वाढतात."

फलकसारांश

ताडकुलातील बहुतेक जाती उष्ण प्रदेशातील आहेत. काही जाती गोठणारी थंडी सोसतात. ताडाची वाढ एकाच कोंबातून होते. कोंब राखला तर झाड राहते. हवा ही अक्षांश, समुद्र, पर्वत, उतार व आडोसा यांवरून ठरते.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी लिहिले, म्हणजे बर्फाचे चित्र घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला त्याचे उत्तर मिळाले. ते चित्र वर्गाच्या भिंतीवर लावावे आणि त्याखाली एवढेच लिहावे : "बहुतेक, परंतु सर्व नव्हे." पुढच्या वेळी पुस्तकातील विधानाशी न जुळणारे काही पाहिले, तर तो मुलगा ते लपविणार नाही, पुन्हा शिक्षकाकडेच घेऊन येईल.